भिऱ्याचा पारा आणि कॅनडातलं पांढरं जंगल

मार्च लागला की पेण-रोह्याकडच्या नातेवाइकांच्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "आज किती?" किती म्हणजे डिग्री. २८ मार्च २०१७ ला कुंडलिकेच्या वरच्या अंगाला, भिऱ्याला, ४६.५ अंशांची नोंद झाली तेव्हा तर विचारूच नका. तो आकडा खरा की उपकरणाची गडबड, यावर बराच काथ्याकूट झाला. माझं म्हणणं वेगळंच आहे. पारा ही नुसती शिल्लक झाली. जमाखर्च कुणी बघायचा?

जमीन आलेल्या उन्हातलं थोडं परत फेकते, थोडं मातीत मुरवते, थोड्याने हवा तापवते आणि ओल असेल तर पाण्याची वाफ करते. एक लिटर पाणी उडवायला साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. पेणकडच्या मिठागरवाल्यांना हे सांगायला नको. त्यांचं पोट याच शेवटच्या खात्यावर! पाणी दाट होत गेलं की ते सावकाश उडतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक.

आता जरा कॅनडात जाऊ. तिथल्या उत्तरेकडच्या जंगलांत १९९४ ते १९९६ मध्ये 'बोरिअस' नावाची मोठी मोहीम झाली. मनोरे उभारून बर्फाळ रानावरचा हाच हिशेब मोजला. युरोपीय हवामान केंद्राच्या मॉडेलमध्ये तोवर असं धरलेलं, की बर्फ पडला म्हणजे सगळं पांढरं, ८० टक्क्यांपर्यंत ऊन परत जाणार. प्रत्यक्षात बर्फ खाली आणि काळपट सूचिपर्णी झाडं वर! परत जाणारं ऊन जेमतेम २० टक्क्यांच्या आसपास. म्हणून वसंतातले अंदाज उगाच थंड निघत. १९९६ च्या अखेरीस तो आकडा बदलला आणि अंदाज सुधारले.

आपणही कोकण म्हटलं की हिरवं धरून चालतो. एप्रिलात दिवा-रोहा गाडीच्या खिडकीतून बघा की. पिवळी पडलेली खाचरं, राब भाजलेले काळे चौकोन, पानं झडलेले साग. दर तुकड्याचा हिशेब निराळा, आणि भर दुपारी त्यात राबणाऱ्या माणसाला लागणारी झळही निराळी.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने काझीरंगाच्या जंगलात मनोरा उभारून अशी मोजमापं केली आहेत. मग घाट उतरून खाली यायला कितीसा वेळ लागतो? आणखी चार तापमापक नकोत. एक मनोरा खाचरावर द्या, एक सागाच्या रानात. खर्च येईल, मान्य. सोलर पॅनेल चोरीला जातील, असं आमच्या काकांचं म्हणणं. तेही मान्य. राखणीला गावातलाच माणूस ठेवा आणि त्याला पगार वेळेवर द्या.