सबटायटल वाचा की!

बंगळूरच्या मराठी माणसाला हमखास विचारतात, ‘सैराट’ कन्नडमध्येही आलाय, पाहिलात? पाहिला. २०१७चा ‘मनसु मल्लिगे’. नायिका तीच, रिंकू राजगुरू, चाली अजय-अतुलच्याच. पण आर्चीची ती करमाळ्याकडची ठसकेबाज बोली काढून घेतल्यावर आर्ची उरते कुठे?

हिंदीने तर कहर केला. ‘धडक’ उदयपूरला गेला आणि जात पुसट झाली. तिथे बायको वाचते, नवरा आणि मूल मरतात. ‘सैराट’मध्ये पोर तेवढं मागे राहतं, रक्ताळलेल्या पावलांनी चालत जातं, आणि पडदा मुका होतो. त्या मुकेपणाचा रिमेक कशाला हवा होता? तो तर कुणालाही कळला असता.

इथे डबिंगला दशकानुदशकं अघोषित बंदी होती. २०१५मध्ये स्पर्धा आयोगाने त्याविरुद्ध आदेश दिला. भाषेची धास्ती मला समजते. पण मग रिमेक चालतो आणि खाली अक्षरं असलेला मूळ सिनेमा चालत नाही, हे कसं?

आपणही काही कमी नाही. इथे राहूनही ‘केजीएफ’ हिंदीतून पाहणारे मराठी लोक माझ्याच घरात आहेत. कासारवल्लींचा ‘घटश्राद्ध’ १९७७चा. मी तो पाहिला गेल्या महिन्यात.