खोट्या डायलखालचं मशीन

मोठ्या परदेशी कंपनीचं नाव छापलेलं, बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकलं जाणारं घड्याळ बंद पडलं की सल्ले दोनच मिळतात. ‘फेकून द्या, दुसरं घ्या’ हा पहिला. ‘नकली मालाला हातच लावू नका’ हा दुसरा. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर मला दोन्ही चुकीचे वाटतात. मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावी दुरुस्तीवाल्याने असं घड्याळ उघडावं, बिघडलेलं मशीन बदलून द्यावं, आणि गिऱ्हाइकाने त्याची मजुरी घासाघीस न करता मोजावी. अट एकच: कोणतं मशीन बसवलं याची लेखी नोंद राहिली पाहिजे.

कॉपी घड्याळात खोटं नेमकं काय असतं, हे आधी नीट पाहू. खोटं असतं ते डायलवरचं नाव, चावीवरचं चिन्ह आणि झाकणावर कोरलेला क्रमांक. आतलं मशीन बहुतेक वेळा कुणाची फसवणूक करत नाही. स्वस्त कॉपीत सेलवर चालणारं क्वार्ट्झ मशीन असतं, भले डायलवर ‘ऑटोमॅटिक’ छापलेलं असो. त्याच्या जागी सहज बसणाऱ्या मशीनपैकी मियोटाचं २०३५ जगभर चालतं. मियोटा ही सिटिझनची मशीन, आणि एचएमटीने १९६१मध्ये बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली ती याच जपानी सिटिझनच्या साह्याने. महागड्या कॉपीत ऑटोमॅटिक मशीन असतं आणि ते पुष्कळदा स्विस ईटीए २८२४च्या घडणीवर बेतलेलं असतं. त्या घडणीवरचे हक्क केव्हाच संपले आहेत. म्हणून स्वित्झर्लंडची सेलिटा आणि चीनची सी-गल तशीच मशीन उघडपणे, आपापल्या नावाने बनवतात. सेलिटाचं मशीन तर कित्येक नामांकित स्विस घड्याळांत असतं. यंत्राची ही नक्कल कायदेशीर आहे, नावाची नाही. नकली घड्याळातला सचोटीचा भाग कोणता असेल, तर तो मशीनच.

हे काम वाटतं तितकं किरकोळही नाही. झाकण उघडून बारीक खटका दाबला की चावी दांडीसकट बाहेर येते, मग डायल आणि काट्यांसह मशीन उचललं जातं. काटे न वाकवता काढायचे, डायलचे दोन नाजूक पाय न मोडता सोडवायचे. नव्या मशीनला ते पाय योग्य जागी बसले पाहिजेत, तारखेची खिडकी आकड्यावर आली पाहिजे, आणि चावीची दांडी केसच्या मापाने कापावी लागते; ती अर्धा मिलिमीटर जास्त कापली गेली तर दुसरी घ्यावी लागते. काट्यांच्या भोकांचं मापही मशीनगणिक वेगळं. ईटीए २८२४ला तास, मिनिट आणि सेकंदकाट्यांची भोकं अनुक्रमे १.५०, ०.९० आणि ०.२५ मिलिमीटरची लागतात. दुसऱ्या घराण्याचं मशीन आणलं तर काटे सैल बसतात किंवा बसतच नाहीत. क्वार्ट्झ मशीन उघडून साफ करण्यात जितका वेळ जातो, त्याच्या मजुरीपेक्षा नवं मशीन स्वस्त पडतं. तेव्हा मशीन बदलायला सांगणारा कारागीर लुबाडतोय, असं समजायचं कारण नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की, अशी दुरुस्ती म्हणजे नकली धंद्याला खतपाणी. पण तो धंदा नव्या विक्रीवर जगतो, दुरुस्तीवर नव्हे. घड्याळ वर्षभरात बंद पडावं आणि गिऱ्हाइकाने नांदेडच्या वजिराबादेत किंवा रेल्वेने सिकंदराबादला गेल्यावर तिथल्या बाजारात तसलंच दुसरं घ्यावं, यातच विकणाऱ्याचा फायदा. पाच वर्षं चाललेलं एक कॉपी घड्याळ त्याची चार विक्री बुडवतं. कायदाही विक्रेत्यावरच बोट ठेवतो. ट्रेड मार्क कायदा, १९९९च्या कलम १०३ आणि १०४नुसार खोटं चिन्ह लावणाऱ्याला, तसा माल विकणाऱ्याला किंवा विक्रीसाठी बाळगणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. मनगटावर घालणारा आणि आतलं मशीन बदलणारा, हे दोघे त्या वर्णनात बसत नाहीत. मात्र दुरुस्तीवाल्याने नकली नावाची नवी डायल किंवा चिन्ह असलेली चावी बसवून दिली, तर तो रेषा ओलांडतो. त्याने मशीन बदलावं, नाव पुन्हा चिकटवू नये.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. चांगलं मशीन बसलेली कॉपी उद्या ‘ओरिजिनल’ म्हणून विकली गेली तर? ही भीती पोकळ नाही, आणि त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. फेवर ल्युबा या स्विस घड्याळ कंपनीचा मुंबईशी संबंध १८६५पासूनचा. अशा जुन्या स्विस घड्याळांची आणि एचएमटीची मशीन गोळा करायची, केस भलतीच, डायल नव्याने भडक रंगवलेली, काटे तिसऱ्याच घड्याळाचे, आणि हे सगळं जोडून जुनं घड्याळ म्हणून परदेशी हौशी लोकांना विकायचं, हा मुंबईचा धंदा जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. तिथे मशीन अस्सल आणि घड्याळ खोटं. केंद्र सरकारने २०१६मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिल्यावर तर ‘जनता’सारख्या घड्याळाला सुटा भाग हवा तर दुसरं जुनं घड्याळ फोडण्यावाचून फारसा इलाज उरला नाही. प्रामाणिक कारागीरही तेच करतो आणि लबाडही. फरक पडतो तो गिऱ्हाइकाला सांगितलं की नाही, एवढ्यानेच. म्हणून नोंदीची अट मी सोडायला तयार नाही.

टपरीवर पावती कोण देतो, असं कुणी म्हणेल. छापील पावती नसेल तर नसू दे. घड्याळाचे जुने कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाने तारीख आणि आपली खूण कोरत. पुढच्या कारागिराला घड्याळाचा इतिहास त्यातून कळे. तीच रीत पुन्हा धरावी. मशीनचा क्रमांक, महिना आणि वर्ष झाकणाच्या आत कोरायला दोन मिनिटं लागतात, आणि मग ते घड्याळ कुणाच्याही हातात गेलं तरी झाकण उघडताच खरं काय ते समोर येतं.

खर्चाचं म्हणाल, तर क्वार्ट्झ कॉपीचं मशीन जरूर बदला. केस आणि पट्टा धड असतील तर ते पैसे वाया जात नाहीत. ऑटोमॅटिक कॉपीत त्याच घराण्याचं चिनी मशीन घालणंही पटण्यासारखं आहे. पण खोट्या नावाखाली महागडं स्विस मशीन घालू नका. तेवढ्या पैशात स्वतःच्या नावाने विकलं जाणारं चांगलं टायटन येतं, वर हमीपत्रही मिळतं. आणि मशीन बदलून घेताना तीन गोष्टी मागा: जुनं मशीन परत, नव्याचा क्रमांक, आणि झाकणाच्या आत कारागिराची खूण.