सालीची ओळख कढईपूर्वीच पटली पाहिजे

अशोकारिष्टाच्या बाटलीवर अशोकाचे नाव असते. आत अशोकच आहे, याची हमी ते नाव देत नाही. आयुर्वेदाला अभिप्रेत असलेला अशोक म्हणजे सीतेचा अशोक, साराका असोका. त्याच्या सालीच्या जागी इमारतींच्या कुंपणालगत उंच वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल खपवली जाते, हे भारतीय संशोधकांनी वारंवार दाखवले आहे. हे झाड त्याचे भाऊबंदही नव्हे. ते सीताफळाच्या कुळातले. अतिरक्तस्रावाने त्रासलेली स्त्री ज्या विश्वासाने ते औषध घेते, त्या विश्वासाची ही फसवणूक आहे.

उभे झाड कोणीही ओळखेल. साल वाळून तिचा भुगा झाला की जाणत्याची नजरही चुकते. सूक्ष्मदर्शक आणि रासायनिक चाचण्या उपयुक्त आहेतच. पण जवळच्या जाती वेगळ्या करताना त्या अनेकदा तोकड्या पडतात. भुग्यात मात्र वनस्पतीचा डीएनए बहुधा शिल्लक असतो. त्यातील ठरावीक भाग वाचून प्रमाणित नमुन्याशी ताडला, की जात ओळखता येते. आरबीसीएल आणि मॅटके या जनुकांची वनस्पतींचे मूळ बारकोड म्हणून 2009 मध्येच शिफारस झाली. ब्रिटिश फार्माकोपियाने 2017 च्या आवृत्तीत वनौषधींसाठी डीएनए ओळखपद्धती आणली, ती तुळशीच्या उदाहरणाने. तुळशीच्या देशात मात्र कच्च्या मालाच्या प्रत्येक खेपेला अशी चाचणी अजूनही अनिवार्य नाही.

यावर आक्षेप ठरलेला: काढ्यात आणि अर्कात डीएनए तुटतो, मग चाचणीचा उपयोग काय? आक्षेप खरा, निष्कर्ष खोटा. डीएनए उकळल्यावर तुटत असेल, तर तपासणी उकळण्यापूर्वी करावी. डीएनए जात सांगतो, वनस्पतीचा भाग सांगत नाही, हेही खरे. अश्वगंधाच्या मुळात पाने मिसळली तर बारकोडला ते कळणार नाही. तिथे रासायनिक विश्लेषणच हवे. एक चाचणी सर्व प्रश्नांची उत्तरे देत नाही, म्हणून तिला एकही प्रश्न विचारू नये, हा युक्तिवाद विज्ञानाचा नव्हे, सोयीचा आहे.

परंपरेची ढालही येथे चालत नाही. न ओळखलेले औषध घातक ठरते, हा इशारा चरकसंहितेतच आहे. खर्चाची अडचण लहान उत्पादकांना खरोखरच आहे. तिच्यावर उपाय सामायिक सरकारी प्रयोगशाळा आणि सर्वांना खुला असलेला प्रमाणित नमुन्यांचा संग्रह हा आहे, सूट हा नव्हे.

भेसळीचा दुसरा बळी जंगल आहे. सीतेचा अशोक आययूसीएनच्या यादीत असुरक्षित जात म्हणून नोंदला आहे. खोटी साल बिनबोभाट मिळत राहिली, की खरे झाड दुर्मीळ होत असल्याचे बाजाराला जाणवतच नाही आणि त्याची लागवड करणाऱ्याला योग्य भावही मिळत नाही.

औषधाच्या परवान्यासोबत कच्च्या मालाच्या ओळखीचा पुरावा मागणे हा आयुर्वेदावरचा अविश्वास नव्हे. तो पुरावा न मागणे, हाच त्याचा अवमान आहे.