नळाचा आटा आणि वुजूचे पाणी

बीडची खजाना विहीर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. सन १५८२ च्या सुमारास, निजामशाहीच्या काळात, बीडचे जहागीरदार सलाबत खान यांनी ती बांधवून घेतली. जमिनीखालच्या बोगद्यांतून तिच्यात पाणी येते आणि बोगद्यातूनच ते शेतांकडे जाते. याच जिल्ह्यात आज उन्हाळा आला की आष्टी-पाटोद्याकडे टँकरची वाट पाहावी लागते. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. विकत घेतलेले किंवा डोक्यावरून वाहून आणलेले पाणी टाकीत भरायचे आणि गळक्या नळाने ते घालवायचे, हे आपल्याला परवडणारे नाही.

गळती किती आहे हे आधी मोजा. नळाखाली पेला ठेवा. तासाभरात दोनशे मिलिलीटर भरला, तर दिवसाला जवळजवळ पाच लिटर पाणी गेले. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. मुद म्हणजे पाऊण लिटरपेक्षाही थोडे कमी. म्हणजे त्या एका नळातून एका माणसाच्या पाचही नमाजांच्या वुजूचे पाणी रोज वाया जाते. हा इसराफच आहे.

आता पाणी कोठून गळते ते पाहा. नळ बंद करूनही तोंडातून थेंब पडत असेल, तर दोष आतल्या वायसरचा किंवा स्पिंडलचा. तेथे टेपचा उपयोग नाही. पितळी नळ भिंतीत बसतो त्या आट्यांतून पाणी येत असेल, तर मात्र टेफ्लॉन टेप हवी. दहा-वीस रुपयांत ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

टाकीचा व्हॉल्व बंद करून नळ पान्ह्याने काढा. जुन्या टेपचे तुकडे आणि क्षार जुन्या दातब्रशाने साफ करा. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर निघत नसेल, तर आटे थोडा वेळ सिरक्यात बुडवून ठेवा. पितळेला बारीक चीर दिसली तर नळच बदला.

आटे कोरडे करून त्यांचे टोक स्वतःकडे धरा आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती सुटून येते. पहिला आटा मोकळा ठेवा, म्हणजे टेपचे तुकडे पाण्यात जाणार नाहीत. टेप ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवीत न्या. पातळ टेपचे सहा ते आठ वेढे पुरतात. मग नळ हाताने बसेल तेवढा बसवा आणि पान्ह्याने आणखी एक-दीड फेरा द्या.

येथे एक चूक नेहमी होते. नळाचे तोंड जरा पुढे गेले की आपण तो मागे फिरवतो. मागे फिरवला की टेप सैल होते आणि गळती पुन्हा सुरू होते. अशा वेळी नळ काढून नवी टेप लावावी.

समोरची फिटिंग प्लास्टिकची असेल तर जोर आवरा. जाड टेप आणि लांब पान्हा यांनी ती तडकते. नवे काम करताना आतून पितळी आटे असलेली फिटिंग घ्यावी. पूर्वी सुतळीवर सफेदा लावून आटे बसवीत. त्या सफेद्यात शिसे असे, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या नळाला तो लावू नये. बाहेरून लांबीचा थापही देऊ नये, दाबाचे पाणी त्यातून पुन्हा वाट काढते.

शेवटी व्हॉल्व हळू उघडा, सांध्याला कोरडा कागद लावा आणि दहा मिनिटांनी पाहा. कागद कोरडा असेल तर काम झाले.

हे काम अर्ध्या तासाचे आहे. घरातल्या मुलींनाही ते शिकवावे, कारण पाण्याची ओढाताण सर्वांत जास्त त्यांच्याच वाट्याला येते. आणि घरचे नळ झाले की मोहल्ल्यातल्या मशिदीच्या वुजूखान्यातले नळही एकदा तपासून यावेत. ते पाणीही आपल्याकडे अमानतच आहे.