खरेदीखतावरील दुसरे नाव

दिल्लीत घर घेताना खरेदीखतावर पत्नीचेही नाव असावे असे आम्ही ठरवले. कर्जाची कागदपत्रे पाहणाऱ्या गृहस्थांनी सहज विचारले, "मॅडमचे उत्पन्न किती?" उत्पन्न शून्य होते. माझ्या बदल्यांपायी तिने दोनदा शिक्षिकेची नोकरी सोडली होती. अर्थशास्त्र ज्याला संधी-खर्च म्हणते, त्यासाठी त्या अर्जात रकाना नव्हता.

नाव लागले, पण नाव म्हणजे मालकी नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४५ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर ज्याचा पैसा जितका, तितका त्याचा वाटा. कोणी किती दिले याचा पुरावाच नसेल, तरच वाटे समान मानले जातात. हप्ते एकाच्याच पगारातून जात असतील, तर पुरावा पासबुकातच असतो. शिवाय ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावे घेतलेली मालमत्ता बेनामी ठरत नाही. हा अपवाद प्रामाणिक कुटुंबांच्या सोयीचा आहे. परंतु बेबनाव झाल्यावर "नाव तिचे, घर माझे" असे म्हणण्याची वाटही तोच मोकळी ठेवतो.

गोव्यात चित्र निराळे आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून तेथे, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता सामायिक होते व प्रत्येकाचा त्यात अर्धा हिस्सा असतो. पत्नीच्या संमतीवाचून पती घर विकू शकत नाही. तो निवर्तला तर तिचा अर्धा भाग तिचाच राहतो. वारसांत वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. जुन्या संहितेने कारभार पतीकडेच ठेवला होता. तरीही विवाह ही आर्थिक भागीदारी आहे, हे तत्त्व तिने मान्य केले.

इतरत्र ते न्यायालयांना एकेका खटल्यातून शोधावे लागते. पत्नीच्या घरकामामुळेच पतीला कमावता येते, म्हणून त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा समान वाटा आहे, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण हक्कासाठी प्रत्येक गृहिणीने उच्च न्यायालयापर्यंत जावे, ही काही प्रशासनाची रीत नव्हे.

माझ्या मते, विवाहानंतर घेतलेल्या राहत्या घरात, पैसा कोणाचाही असो, दोघांचा निम्मा वाटा कायद्यानेच गृहीत धरावा. ज्यांना तो नको, त्यांनी तसा करार करावा. आज ओझे उलट्या बाजूला आहे.

कायदा बदलेपर्यंत वाचकांनी एवढे तरी करावे. "वेगळा करार नसेल तर" हे कलम ४५ मधील शब्द आपल्या उपयोगाचे आहेत. आमच्या खरेदीखतात मी वकिलांना एक वाक्य वाढवण्यास सांगितले : दोघांचा हिस्सा समान राहील. वकील म्हणाले, "घरातल्या घरात याची काय गरज?"

घरातल्या घरात आहे, म्हणूनच ते लिहून ठेवले.