न मागितलेल्या बिलाचे देणे कुणी लागत नाही

जुना ट्रॅक्टर, जुनी जीप किंवा पिकअप विकायचा विचार आला की पूर्वी माणूस सोलापूरला जायचा, ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारायचा, दोन एजंटांबरोबर चहा प्यायचा आणि अंदाज घेऊन संध्याकाळच्या एस.टी.ने परत यायचा. आता घरातला पोरगा मोबाईल काढतो. ‘तुमच्या गाडीची किंमत फुकट जाणून घ्या’ अशी जाहिरात दिसते, ती तो दाबतो, एमएच १३ चा नंबर टाकतो, बापाचा मोबाईल नंबर टाकतो आणि दोन मिनिटांत आकडा समोर येतो. बाप म्हणतो, ‘एवढेच व्हय?’ आणि विषय तिथेच संपतो. गाडी विकायचीही राहून जाते.

पण आठ-पंधरा दिवसांनी व्हॉट्सॲपवर बिल येते. वाहन मूल्यांकन अहवालाचे शुल्क १,५०० रुपये, जीएसटी २७० रुपये, एकूण १,७७० रुपये. खाली ठळक अक्षरांत इशारा, सात दिवसांत पैसे भरले नाहीत तर कायदेशीर कारवाई होईल. त्यावर गाडीचा नंबर बरोबर, मॉडेल बरोबर, वर्ष बरोबर. मग घरात चर्चा सुरू होते की एवढे सगळे बरोबर आहे म्हणजे बिलही खरेच असणार.

मंद्रूप, निंबर्गी, भंडारकवठे या भागात फिरताना असली बिले दाखवायला आता माणसे आमच्याकडे येऊ लागली आहेत. आमचे काम खरे तर हुमणीचा बंदोबस्त आणि ठिबकचे अनुदान सांगायचे. पण शेतकऱ्याच्या खिशातून जाणारा पैसा हुमणीने गेला काय आणि मोबाईलने गेला काय, जातो तो एकाच खिशातून. म्हणून आज या विषयावर लिहीत आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीची माहिती बरोबर असणे हा बिल खरे असल्याचा पुरावा नाही. गाडीचा नंबर ही काही गुप्त गोष्ट नाही, तो पाटीवर लिहिलेलाच असतो. नंबर टाकला की परिवहन खात्याच्या ॲपवर मॉडेल, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत अशी बरीच माहिती कुणालाही दिसते. शिवाय केंद्र सरकारनेच २०१९ साली ही वाहनांची माहिती घाऊक स्वरूपात खासगी कंपन्यांना पैसे घेऊन देण्याचे धोरण काढले होते. त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाल्याचे त्याच वर्षी संसदेत सांगण्यात आले. २०२० मध्ये ते धोरण रद्द झाले, पण एकदा शिवाराबाहेर गेलेले पाणी परत बांधावर येत नाही. तेव्हा बिलावर तुमच्या गाडीची कुंडली छापलेली दिसली तर घाबरण्यासारखे त्यात काही नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपला भारतीय करार कायदा १८७२ सालचा, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा. त्याचा मूळ पाया असा की एकाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्याने तो स्वीकारावा, तेव्हा करार होतो. ‘तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे तुम्हाला मान्य आहे’ असे परस्पर ठरवण्याचा अधिकार प्रस्ताव मांडणाऱ्याला नाही. या बाबतीत १८६२ सालचा इंग्लंडमधला एक खटला वकील मंडळी आजही शिकतात, आणि तो घोड्याचा असल्यामुळे बाजारात उठबस असणाऱ्या आपल्या वाचकांना लगेच समजेल. फेल्टहाऊस नावाच्या माणसाला पुतण्याचा घोडा घ्यायचा होता. त्याने पत्र लिहिले की तुझ्याकडून काही कळले नाही तर घोडा तीस पौंड पंधरा शिलिंगला माझा झाला असे मी धरतो. पुतण्याने उत्तर दिले नाही. त्याच्या मनात घोडा काकाला द्यायचा होता, लिलावदाराला तो बाजूला ठेवायलाही त्याने सांगितले होते, पण लिलावदाराने चुकून विकला. काका लिलावदारावर कोर्टात गेला आणि हरला. कोर्ट म्हणाले, पुतण्याने तुला होकार कळवलाच नव्हता, मग घोडा तुझा झाला कधी? पुतण्याच्या मनात असूनही करार झाला नाही. इथे तर आमच्या शेतकऱ्याच्या मनातही अहवाल घ्यायचे नव्हते.

इतर देशांनी तर यापुढे पाऊल टाकले. इंग्लंडने १९७१ साली कायदा करून ठरवले की न मागता घरी पाठवलेला माल ठरावीक मुदतीनंतर घेणाऱ्याला फुकटची भेट समजला जाईल. अमेरिकेत टपालाने आलेल्या अशा मालाबाबत १९७० पासून तसाच नियम आहे. आपल्याकडे जुन्या माणसांना व्ही.पी. पार्सलचा जमाना आठवत असेल. वर्तमानपत्रातले कोडे सोडवून पाठवले की ‘तुम्हाला रेडिओ लागला’ म्हणून पार्सल यायचे, पोस्टमनला पैसे मोजल्यावर आत भलतेच निघायचे. पार्सल जाऊन पीडीएफ आली, धंदा तोच राहिला.

मात्र एक खाचखळगा ध्यानात ठेवावा. याच करार कायद्याच्या ७० व्या कलमात असे आहे की एखाद्याने फुकट करायच्या इराद्याशिवाय तुमच्यासाठी काही केले आणि तुम्ही त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. व्यापाऱ्याने चुकून तुमच्या दारात माल टाकला आणि तुम्ही तो आपला म्हणून वापरला, तर पैसे द्यावे लागतात, हे उदाहरण कायद्यातच दिले आहे. म्हणून बिलाबरोबर अहवाल आला असेल तर तो गिऱ्हाईकाला दाखवून ‘बघा, कंपनीने एवढी किंमत काढली आहे’ असे सांगत फिरू नका. वापरायचे नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत, हे दोन्ही बरोबरच झाले पाहिजे.

आता कुणी म्हणेल, पोराने कुठेतरी टिकमार्क केली असेल तर? हा प्रश्न रास्त आहे. किंमत ठळक दिसत असताना, समजून-उमजून अहवाल मागवला असेल तर पैसे द्यावेच लागतील, त्यात आम्ही कुणाची बाजू घेणार नाही. पण बहुतेक ठिकाणी तसे नसते. टिकमार्क आधीच केलेली असते, किंवा ‘पुढे जा’ या बटणाखाली बारीक अक्षरांत शुल्क लिहिलेले असते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार खरेदीला ग्राहकाची संमती त्याने स्वतः स्पष्टपणे दिलेली असली पाहिजे, आधीच टिकमार्क केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी सांगून त्यांना बंदी घातली. न मागितलेली वस्तू गुपचूप खरेदीत घालणे आणि खरी किंमत शेवटी उघड करणे हे दोन्ही त्यात आहेत. आमच्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. युरियाच्या पोत्याबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराचे ‘लिंकिंग’ त्याने वर्षानुवर्षे सोसले आहे. हे त्याचेच मोबाईलवरचे भावंड.

बिल हातात आले की ते पट्टी वाचतो तसे वाचावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याने सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा आणला आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडला, हे सगळ्या देशाने पाहिले. ती वजावट पट्टीवर ओळीओळीने लिहिलेली होती, म्हणून तर ती लोकांना दिसली. या मोबाईलच्या बिलावर तेवढेही नसते. जीएसटी क्रमांक पंधरा अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, आणि तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो. तपासल्यावर भलत्याच धंद्याचे नाव निघाले तर प्रश्नच मिटला. खरे नाव निघाले तरी बिल खरे ठरत नाही, फक्त उत्तर कुणाला द्यायचे ते कळते.

उत्तराबाबत आमचे मत असे. कंपनी खरी, पत्ता असलेली असेल तर एकदाच लेखी उत्तर द्यावे. ‘मी हा अहवाल मागवलेला नाही, वापरलेला नाही, शुल्काला संमती दिलेली नाही. संमतीचा पुरावा असल्यास पाठवावा. माझी माहिती काढून टाकावी,’ एवढ्या चार ओळी पुरेत. फोनवर हुज्जत घालू नये, कारण फोनवर माणूस घाबरून ‘बरं बघतो, भरतो’ म्हणून जातो आणि तोच होकार म्हणून दाखवला जातो. परंतु अनोळखी नंबरवरून नुसती लिंक किंवा एपीके नावाची फाईल आली असेल तर उत्तरही देऊ नका आणि ती उघडूही नका. गाडीचा दंड झाला म्हणून अशाच फाईली पाठवून लोकांची खाती रिकामी केल्याचे प्रकार राज्यभर घडले आहेत. खरा दंड आहे की नाही हे परिवहन खात्याच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर आपण होऊन बघता येते.

काही जण म्हणतात, ‘फक्त एक रुपया भरून तक्रार नोंदवा.’ या एक रुपयात दगा असतो. त्याबरोबर दरमहा आपोआप पैसे कापण्याची परवानगी घेतली जाते. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ म्हणून भाग असतो, तो उघडून अनोळखी परवानगी दिसली तर लगेच रद्द करावी. आणि पैसे परत मिळवण्यासाठी पिन टाका असे कुणी सांगितले तर ते खोटे, पिन फक्त पैसे देण्यासाठी असतो.

धमक्यांचेही तेच. सिबिल खराब करू म्हणतात, पण सिबिलला कर्जाची माहिती देतात त्या बँका आणि वित्त कंपन्या, गाडीची किंमत सांगणारा नव्हे. सातबाऱ्यावर बोजा चढवू म्हणतात, पण फेरफार नोटीस दिल्याशिवाय आणि कागद असल्याशिवाय होत नाही, कुणाच्या व्हॉट्सॲप बिलावर तर नाहीच. पोलीस येतील म्हणतात, पण पैशाचा वाद दिवाणी असतो, त्यात अटक नसते. मात्र खरोखर न्यायालयाचे समन्स आले, त्यावर न्यायालयाचे नाव, दावा क्रमांक आणि तारीख असेल, तर ते पेटीत टाकून बसू नये. सोलापूरच्या न्यायालयात जाऊन खात्री करावी. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत मदत मिळते.

पैसे भरून बसलेल्यांनी लाजून गप्प राहू नये. फसवणूक असेल तर तासाभरात १९३० वर फोन करावा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात. कंपनी खरी पण वागणूक खोटी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. तिथे निपटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. १,७७० रुपयांसाठी कंपनीचा माणूस सोलापूरला येईल का, याचा हिशेब तिनेच करावा.

इथे गावच्या अधिकारी मंडळींशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, सेवा केंद्र चालवणारी मुले, यांच्याकडे माणूस बिल घेऊन येतो तेव्हा अनेकदा त्याला उत्तर मिळते, ‘भरून टाक की, कशाला कटकट.’ हजार-दोन हजारांत कटकट मिटते असे वाटते, पण एकदा भरणाऱ्याचा नंबर भरणारा म्हणूनच पुढच्याच्या हाती जातो आणि मग विलंब शुल्काचे दुसरे बिल येते. ज्वारीच्या काढणीला मजूर लावायला ठेवलेले पैसे असे जातात. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर १९३० आणि १९१५ हे दोन आकडे खडूने लिहून ठेवायला खर्च येत नाही. तक्रार द्यायला माणूस मंद्रूप पोलीस ठाण्यात निघाला तर त्याच्याबरोबर कुणी तरी शिकलेले जावे, कारण स्क्रीनशॉट कसा काढायचा इथपासून अडचण असते.

राहता राहिली गाडीची किंमत. चालू विम्याच्या कागदावर गाडीची विमा किंमत छापलेली असते, ती पहिला अंदाज म्हणून चालते. पाच वर्षांच्या आतील गाडीला ठरलेला घसारा असतो, चार ते पाच वर्षांच्या गाडीला तो ५० टक्के. त्यापुढे टायर, इंजिन आणि गिऱ्हाईकाची गरज यांवर भाव ठरतो. तो मोबाईलला कळत नाही, दोन गॅरेजवाल्यांना कळतो. किंमत ठरून विक्री झाली की फॉर्म २९ आणि ३० भरून आर.टी.ओ.कडे नाव बदलाच. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते. आपल्याकडच्या गाड्या विजयपूरकडे जातात, त्यांना ४५ दिवस आणि ना हरकत प्रमाणपत्र लागते. नाव न बदलता विकलेल्या गाडीचा अपघात झाला तर भरपाई कागदावरच्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. ते बिल मात्र खरे असेल आणि लाखांत असेल.