हवा काढण्यापूर्वी ती कोठून आली ते पाहावे

मृगाच्या सरी पडून गेल्या आणि मावळातील भातखाचरांत चिखलणीची घाई सुरू झाली, की कित्येक महिने कोपऱ्यात पडून असलेले पॉवर टिलर बाहेर निघतात. त्यांतील काही पहिल्याच दिवशी सुरू होत नाहीत. आलटून पालटून हँडल मारता मारता दोन माणसे घामाघूम होतात, पण धुराचा एक भपकाराही बाहेर पडत नाही. अखेर कामशेत किंवा वडगावहून मिस्त्री येतो. तो एक स्क्रू सैल करतो, फेसाळलेले डिझेल थोडे वाहू देतो, स्क्रू पुन्हा आवळतो आणि इंजिन सुरू होते. पाहणाऱ्यांस ही जादू वाटते. काम पाच मिनिटांचे, पण मिस्त्रीची वाट पाहण्यात दिवस जातो. खाचरात पाणी साठलेले असताना आणि लावणीस मजूर ठरलेले असताना गेलेला असा दिवस शेतकऱ्यास फार महाग पडतो.

डिझेल इंजिन या भागास नवे नाही. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनीने पुण्याजवळ खडकी येथे बनविलेली इंजिने देशभरातील विहिरींवर जाऊन बसली. त्याच पुणे जिल्ह्यात एवढ्याशा कामासाठी शेतकऱ्याने दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे, हे योग्य नव्हे. हवा काढण्याचे काम प्रत्येक इंजिनवाल्यास आले पाहिजे. मात्र एवढे शिकून थांबणे हेही तितकेच घातक आहे, आणि मावळात आज या दुसऱ्या चुकीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. रोज सकाळी हवा काढूनच ट्रक सुरू करणारा चालक आपल्या हातोटीचा अभिमान बाळगतो. वास्तविक त्याच्या वाहनास रोग जडलेला असतो आणि तो केवळ वेळ मारून नेत असतो.

हवेने इंजिन का अडते, हे ज्याने विहिरीवरील पंप चालविला आहे त्यास चटकन उमगेल. फूटव्हॉल्व्ह गळून नळीतील पाणी उतरले, की पंप कितीही वेगाने फिरला तरी पाणी ओढीत नाही. आधी नळी पाण्याने भरावी लागते. डिझेलच्या नळ्यांचेही असेच आहे; फक्त येथे आणखी एक अडचण येते. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. जुन्या धर्तीच्या इंजिनात नोझल उघडण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम दाब लागतो. नळीत हवेचा बुडबुडा असला, तर पंपाचा दट्ट्या त्या बुडबुड्यालाच दाबीत व सोडीत राहतो. तेवढा दाब तयारच होत नाही, नोझल मिटलेलेच राहते आणि सिलिंडरात डिझेलचा थेंबही पोहोचत नाही.

आता ही हवा शिरते कोठून? पॉवर टिलरची टाकी इंजिनाच्या वर असते व डिझेल आपल्या वजनाने खाली येते. तेथे हवा शिरते ती बहुधा टाकी रिकामी होऊ दिल्यामुळे किंवा फिल्टर बदलताना. ट्रकची गोष्ट निराळी. त्याची टाकी खाली असते आणि फीड पंप डिझेल वर ओढून घेतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या या ओढनळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. म्हणून तिला बारीक चीर गेली, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत खेचली जाते. नळी बाहेरून कोरडी, स्वच्छ दिसते आणि चालक तिच्यावर संशयही घेत नाही. रात्रभर वाहन उभे राहिले की त्याच चिरेतून हवा शिरून नळीतील डिझेल हळूहळू टाकीत परत उतरते, आणि सकाळी इंजिन रुसते. याउलट फीड पंपाच्या पुढील भागात दाब असल्याने तेथील गळती ओल्या डागाने स्वतःच आपला पत्ता सांगते. ओला डाग शोधीत बसणारे लोक खरा दोष बहुधा चुकवितात तो यामुळे.

शोध घेण्याची एक सोपी रीत आहे. ओढनळीच्या फीड पंपाजवळच्या टोकाशी, डिझेलने न विरघळणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडावा आणि इंजिन चालू ठेवून पाहावे. बुडबुडे दिसले, तर दोष त्या जागेच्या मागे, टाकीच्या बाजूस आहे. मग एकेक जोड तपासावा. तडकलेली रबरी नळी, अति आवळल्याने नळीत रुतलेली क्लिप, वारंवार वापरून कठीण झालेले तांब्याचे वॉशर आणि फिल्टर बदलताना जुनीच ठेवलेली रबरी कडी हे नेहमीचे गुन्हेगार होत. काही रुपयांचे वॉशर वाचविण्यासाठी बॅटरी व स्टार्टर झिजविणे यास काटकसर म्हणता येणार नाही. टाकीच्या झाकणातील बारीक छिद्रही पाहावे. ते चिखलाने बुजले किंवा पावसाच्या भीतीने झाकण प्लॅस्टिकने करकचून बांधले, तर टाकीत हवा जाण्यास वाट उरत नाही आणि डिझेलचा ओघ अडतो. हा दोष हवा शिरण्याच्या नेमका उलट आहे, पण लक्षण तेच.

लोणावळ्याच्या घाटात या गोष्टीस निराळेच महत्त्व येते. मावळातील फुले व भाजीपाला घेऊन गेलेली वाहने वाशीचा बाजार करून परततात ती बहुधा टाकीच्या तळाशी थोडेसे डिझेल ठेवूनच. बोरघाटातून १८३० साली गाडीरस्ता झाला, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तरी खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा चढ काही टळलेला नाही. चढावर टाकीतील डिझेल मागे सरकते. ओढनळीचे तोंड उघडे पडले की ती डिझेलऐवजी हवा ओढते आणि काटा थोडे डिझेल दाखवीत असतानाच ट्रक वळणावर थांबतो. मागून भरधाव वाहने येत असतात. अशा ठिकाणी ट्रकखाली वा बाजूस बसून स्क्रू सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ होय. चाकास लाकडी ठोकळा लावावा, इशाऱ्याचा त्रिकोण पुरेसा मागे ठेवावा, माणसांनी रस्त्याबाहेर व्हावे आणि वाहन ओढून सुरक्षित जागी नेल्यावरच हाती पाना घ्यावा. त्यापेक्षा घाट चढण्यापूर्वी टाकी निम्म्याहून अधिक भरलेली असणे केव्हाही स्वस्त.

प्रत्यक्ष हवा काढण्याचे काम जुन्या धर्तीच्या ट्रकवर असे चालते. टाकीत पुरेसे डिझेल घालावे. स्क्रूच्या भोवतालची धूळ प्रथम फडक्याने पुसावी, कारण आत गेलेला कचरा हवेपेक्षा अधिक नुकसान करतो. फिल्टरच्या माथ्यावरील स्क्रू दोन फेरे सैल करून फीड पंपावरील हातपंप चालवावा. प्रथम फेस येईल, मग बुडबुडेमिश्रित डिझेल, आणि शेवटी अखंड, नितळ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. हात थांबवून मग आवळल्यास हवा पुन्हा आत जाते. दुसरा फिल्टर असल्यास त्यावर आणि शेवटी इंजेक्शन पंपावरील स्क्रूवर हीच क्रिया करावी. हा टाकीकडून इंजिनाकडे जाण्याचा क्रम उलटवू नये. एवढ्यानेही इंजिन न लागल्यास नोझलकडील नट अर्धा फेरा सैल करून इंजिन फिरवावे व डिझेल दिसताच नट आवळावेत. स्टार्टर एका वेळी पंधरा सेकंदांहून अधिक दाबू नये आणि मध्ये मिनिटभर उसंत द्यावी. पॉवर टिलरवर हातपंपाची गरज नसते. स्क्रू सैल केल्यावर डिझेल आपोआप उतरते. पुढे डिकॉम्प्रेशनची कळ धरून हँडल फिरवावे. नोझल कुरकुरू लागले की डिझेल पोहोचले असे समजावे. निघालेले डिझेल डब्यात धरावे. ते ओढ्यात सोडल्यास इंद्रायणी व पवनेच्या पाण्यात जाते.

आणखी एक गोष्ट घाईत विसरली जाते. डिझेलच्या नळीत ज्या वाहनास हवा सोसत नाही, त्याचे ब्रेक मात्र हवेच्या दाबावर चालतात. वाहन बराच वेळ बंद असल्यास तो दाब उतरलेला असतो. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात लगेच गिअर टाकू नये. ब्रेकच्या मापकाचा काटा पूर्ण वर येईपर्यंत जागेवरच थांबावे.

वर सांगितलेली रीत सर्व वाहनांस लागू नाही. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात, आणि १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज ६ च्या डिझेल ट्रकांत हीच पद्धत सर्रास आहे, दाब १,६०० किलोग्रॅम व त्याहूनही वर जातो. अशा इंजिनाचा नोझलकडील नट कधीही सैल करू नये. त्या दाबाची सूक्ष्म धार कातडी भेदून हातात शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे लागते. विलंब झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. या वाहनांत फिल्टरपर्यंतच, तेही सोबतच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, हवा काढावी. जुन्या ट्रकवर तयार झालेल्या हातांनी हे विशेष लक्षात ठेवावयास हवे, कारण त्यांचा आत्मविश्वासच येथे त्यांचा वैरी ठरतो.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी बियाणे व खते यांच्याबरोबर हा विषयही आपला मानावा. मावळाच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी भात गावोगावी पोहोचला, तो प्रत्यक्ष खाचरांत दाखविल्यामुळे, भाषणांनी नव्हे. येथेही तसेच करावे. मे महिन्याच्या अखेरीस गावातील एखादा टिलर आणि एखादा जुना ट्रक चावडीपुढे उभा करावा, मुद्दाम हवा भरू द्यावी आणि ती काढण्याचे काम शेतकऱ्यांच्या मुलांकडून व ट्रकवरील क्लीनरांकडून करून घ्यावे. पाना कार्यकर्त्याने स्वतःच्या हाती ठेवू नये. त्याच दिवशी गावातील सर्व ओढनळ्या तपासून तडकलेल्या नळ्यांची व वॉशरांची यादी करावी आणि ते सामान पाऊस सुरू होण्यापूर्वी एकत्र मागवावे. पावसाळ्यात टाक्या संध्याकाळी भरून ठेवण्याची सवयही याच वेळी लावता येईल. अर्धी रिकामी टाकी रात्री दमट हवा घेते, तिचे पाणी होऊन तळाशी साचते. ते फिल्टरच्या बुडाचा स्क्रू उघडून आठवड्यातून एकदा सोडून द्यावे लागते.